एक चिंचोका कमी

तिसरीला हातच्याची वजाबाकी शिकवताना मला दरवर्षी थोडं अपराधी वाटतं. बावन्नातून सत्तावीस काढायचे. दोनातून सात जात नाहीत. मग शेजारच्या पाचाकडं जायचं, त्याच्याकडून एक उसना आणायचा. तो एक उंबरा ओलांडून आला की दहा होतो, आणि परत तर कधीच करायचा नाही. असला व्यवहार आमच्या गावात आजवर फक्त सोसायटीच्या एका माजी चेअरमनना जमला आहे. मुलांना तो पटत नाही यात मुलांचं काय चुकलं?

म्हणून मी बँक काढली. चिंचोक्यांची. आमची शाळा जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. दोन खोल्या, दोन शिक्षक, एक कपाट, आणि मागं एक चिंच. त्यामुळं भांडवलाचा प्रश्न नव्हता. सुटा चिंचोका म्हणजे एकक. रिकाम्या काडेपेटीत दहा चिंचोके भरले की दशक. आणि किराणा दुकानात काडेपेट्यांचा पुडा दहाचाच मिळतो, तेव्हा पुडा म्हणजे शतक. रिकाम्या पेट्या गावातल्या विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्यांनी पुरवल्या. प्राथमिक शिक्षणाला त्यांचा एवढा हातभार याआधी कधी लागला नव्हता. एक आजोबा तर रोज सकाळी शाळेच्या कट्ट्यावर बसून, पेटी लवकर रिकामी व्हावी म्हणून, जरा जास्तच ओढायला लागले.

आठवडाभरात बँक सुरू झाली. पहिल्या ओळीतल्या मुलीपुढं पाच पेट्या आणि दोन सुटे चिंचोके ठेवले आणि म्हटलं, यातले सत्तावीस मला दे. तिनं दोन चिंचोक्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि मी काहीही न सांगता एक पेटी उघडली. मास्तराच्या आयुष्यात असे क्षण थोडे. मला एकदम भरून आलं. मी मागं वळून आमच्या बाईंना हाक मारणार, तेवढ्यात ती म्हणाली, "गुर्जी, चोवीस."

"पंचवीस," मी म्हणालो.

"चोवीस. मोजा."

मी मोजले. चोवीसच. उघडलेल्या पेटीत नऊ चिंचोके होते.

"बँकेनंच एक खाल्ला," ती म्हणाली.

बँकेनं नव्हे, खातेदारांनी. तपासणी केली तर तीस पेट्यांपैकी बारा पेट्यांत तूट. दोन पेट्यांत चिंचोक्यांची अर्धी अर्धी शकलं होती. ती चल्लस खेळायला फोडली होती आणि खेळ संपल्यावर प्रामाणिकपणे परत ठेवली होती. बाकीचा माल कुठं गेला ते खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी सांगितलं. "चार दिसांपासनं चुलीत काय फुटतंय म्हणून बघतेय मी," त्या म्हणाल्या, "मला वाटलं सरपणच तसलं आलंय." भाजलेला चिंचोका गालात धरून अर्धा तास चघळता येतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मीही त्याच जिल्ह्यातला. पण बँक काढताना माणूस आपलं बालपण विसरतो.

त्याच आठवड्यात केंद्रप्रमुख साहेबांचा निरोप आला. केंद्राच्या ग्रुपवर, ठळक अक्षरांत, अतितात्काळ: प्रत्येक शाळेनं आपला नावीन्यपूर्ण उपक्रम फोटोंसह पाठवावा, राज्यभरातल्या शिक्षकांपर्यंत तो पोहोचवायचा आहे, निरंक अहवाल चालणार नाही.

निरंक हा सरकारी मराठीतला फार सुंदर शब्द आहे. विचारलेल्या गोष्टीतलं आपल्याकडं काहीही नाही, हे एवढ्या रुबाबात सांगणारा दुसरा शब्द नाही. पण तोच चालणार नव्हता. तेव्हा मी अहवाल लिहायला बसलो.

उपक्रमाच्या अहवालाचा साचा ठरलेला असतो. शीर्षक, गरज व महत्त्व, उद्दिष्टं, कार्यपद्धती, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, निष्कर्ष, परिशिष्टं. शिवाय पुढं मुखपृष्ठ, मनोगत आणि ऋणनिर्देश. ऋणनिर्देशात वरून खाली सगळे अधिकारी येतात आणि चिंचेचं झाड येत नाही. भाषाही ठरलेली. वर्गात मी "पोरं लई खूश झाली" म्हणतो. अहवालात "विद्यार्थ्यांमध्ये संख्याज्ञानाविषयी अभिरुची वृद्धिंगत झाली" असं लिहितो. दोन्ही वाक्यं माझीच, पण एकमेकांना ओळख दाखवत नाहीत.

मग टक्केवारी. माझ्या तिसरीत अकरा मुलं. अकरा मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे ९.०९ टक्के. एखाद्या मुलाला ताप आला की गावाची शैक्षणिक प्रगती नऊ टक्क्यांनी घसरते. पूर्वचाचणीत चौघांना हातच्याची वजाबाकी आली: ३६.३६ टक्के. दशांश चिन्हानंतर दोन घरं लिहिली की संशोधनाला कसं वजन येतं. उत्तरचाचणी दिवाळीनंतर घेतली. तोवर तीन मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली होती. ज्यांना अजून आलं नव्हतं, नेमकी तीच तीन. उरली आठ. आठही पास. मी लिहिलं: उत्तरचाचणी, शंभर टक्के. यात एकही आकडा खोटा नाही.

चिंचोके खाल्ल्याचा उल्लेख मी केला नाही. कुठल्या रकान्यात करणार? 'उपक्रमास आलेल्या अडचणी' असा एक रकाना होता खरा, पण त्यात सगळे "वेळेचा अभाव" लिहितात. तशी प्रथाच आहे.

फोटोंना दोन दिवस लागले. उपक्रमाच्या फोटोत मुलं आनंददायी दिसावी लागतात. ज्याच्या शर्टाला बटण नाही तो मागं, जिची रिबीन नवी ती पुढं, फळ्यावर दिनांक, आणि मी एका बाजूला, मुलांकडं किंचित वाकून, पण चेहरा कॅमेऱ्याकडं. ही मुद्रा करताना मान अवघडते. आमच्या बाईंनी फोटो काढले, मग अहवाल वाचला. चौदा पानं शांतपणे वाचून त्यांनी विचारलं, "सर, ही शाळा कुठं आहे? मला ऑनलाइन बदलीत मागायचीय."

तरी अहवाल पाठवला. बाराव्या सेकंदाला पहिली प्रतिक्रिया आली: "अतिशय स्तुत्य उपक्रम सर." चौदा पानं बारा सेकंदांत. याच सरांना पाठ्यपुस्तकातला परिच्छेद वाचायला द्यायला हवा, वाचनगतीचा राज्यातला विक्रम ठरेल. त्यानंतर टाळ्या वाजवणारे हात आले, अंगठे आले, फुलांचे गुच्छ आले. एकानं चुकून पोषण आहाराचा तक्ता टाकला, त्यालाही टाळ्या मिळाल्या.

मी काही आजचा मास्तर नाही. उपक्रमांच्या लाटा येताना पाहिल्या आहेत आणि बहुतेक लाटांत ओलाही झालो आहे. २२ जून २०१५ चा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला तेव्हा साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या शाळांचं नाव राज्यभर झालं. जिल्ह्याजिल्ह्यातून शिक्षक तिकडं निघाले. आम्हीही गेलो, वर्गणी काढून, जीप करून. तिथल्या शाळांत खरोखर काहीतरी घडत होतं. मुलं जमिनीवर बसून, आपापल्या गतीनं, कुणाकडं न बघता शिकत होती. आम्ही नीट बघितलं, वह्या भरून टिपलं, आणि परत येऊन पहिली गोष्ट काय केली, तर फरशी रंगवली. कारण तिथली फरशी रंगवलेली होती. तळफळे काढले, चौकटी आखल्या, मुळाक्षरांचे गोल काढले. मुलं आपापल्या गतीनं शिकू लागायला वेळ लागतो. ऑइलपेंट दोन दिवसांत वाळतो. त्या वर्षी तालुक्यातला पेंटवाला मला रस्त्यात थांबवून चहा पाजायचा.

मग बाटल्यांची झाकणं आणि स्ट्रॉ आले. दहा स्ट्रॉचा गठ्ठा म्हणजे दशक. लग्नाच्या पंगती उठल्या की गुरुजी झाकणं वेचताहेत, हे दृश्य गावांनी सहज स्वीकारलं. माझ्याकडं पोतंभर स्ट्रॉ जमले आणि मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली. थर्माकोलचा ज्वालामुखी, प्लास्टिकचे दशक, सगळं एका अधिसूचनेत बेकायदा. ते पोतं मी बरेच दिवस कपाटामागं दडवून ठेवलं होतं. दारूबंदीच्या काळातही मास्तरांवर अशी वेळ आली नसेल.

पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले, 'दीक्षा' आलं. करोनात "शाळा बंद, पण शिक्षण आहे" आलं आणि रोज सकाळी पालकांच्या मोबाइलवर लिंका पडू लागल्या. मोबाइल बापाच्या खिशात, बाप रानात. आणि डिसेंबर २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलर. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांत वाटून टाकली. आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला, आणि दुसऱ्या दिवसापासून गावात फिरणं अवघड झालं. "गुरुजी, तुमचं कधी?" असं मला पारावर बसलेल्या प्रत्येकानं विचारलं. जणू माझा डॉलरचा अर्ज तलाठ्याकडं अडकला होता. माझ्या चुलत्यानं तर निम्मी रक्कम मी कुणाला वाटू नये याची यादीही केली होती.

आता कुणी म्हणेल, हे सगळं मोबाइलमुळं झालं. तसं नाही. शिक्षकांनी एकमेकांना आपलं शहाणपण कळवायची हौस जुनी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर 'शालापत्रक' चालवत होते तेव्हा कुठला ग्रुप होता? त्यातली टीका सरकारला रुचली नाही आणि १८७५ साली ते बंद झालं. अॅडमिननं ग्रुपच मोडण्याची पद्धत तेव्हापासूनची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ साली बोर्डीला आदिवासी मुलांसाठी कामाला लागल्या, ते शंख-शिंपले, खडे, पानं, बिया असं जवळ मिळेल ते साहित्य घेऊन. तेव्हा चिंचोका हा माझा शोध आहे असं मी कधीच म्हणणार नाही. आणि शिक्षकानं आपल्याच वर्गाचा शोध घ्यावा, त्याला कृतिसंशोधन म्हणावं, हे अमेरिकेत स्टीफन कोरे यांनी १९५३ सालच्या पुस्तकात मांडलं. आमच्या डी.एड.ला ते नाव पाठ होतं. पाच गुणांना यायचं. कोरेंच्या म्हणण्याचा रोख, मास्तरानं आपली चूक आपण शोधावी, असा होता. आम्ही चूक सोडून बाकीचा आराखडा तेवढा घेतला.

अहवाल गेला आणि मी तो विसरलो. मार्चमध्ये एक व्हिडिओ फिरत आला. पाच वेगवेगळ्या ग्रुपांवर, एकाच संध्याकाळी. केंद्रप्रमुख साहेबांनी मला तो वेगळाही पाठवला आणि खाली लिहिलं, "बघा सर, काहीतरी घेण्यासारखं." उघडला. काडेपेट्या. चिंचोके. विदर्भातली एक शाळा, कौलारू, आणि जमिनीवर बसलेली पोरं. उपक्रमाचं नाव 'चोर पेटी'. माझं नाव कुठंही नव्हतं. झाडाचंही नव्हतं, पण त्याचं झाडाला काही वाटत नसावं.

मला वाटलं. चांगलंच वाटलं. जेवताना बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "चिंचोके तर तुम्ही शेजाऱ्यांच्या वाट्याचे पण वेचले होते." ही बाजू मी विचारात घेतली नाही. व्हिडिओच्या शेवटी नंबर होता. फोन लावला आणि आवाज शक्य तितका कोरडा ठेवून विचारलं, "हा उपक्रम मूळ कुणाचा?"

"मूळ?" पलीकडचे सर म्हणाले. "कोनाचा तरी पीडीएफ आला होता जी. चौदा पानाचा. तो पाहून आम्ही केलं. पन काय सांगू तुम्हाले सर, त्या मानसानं लिहिलंच नाही का पोट्टे चिचोके खाते म्हनून! पयल्या हप्त्यातच आमची बँक बुडाली. मले तो गुरुजी भेटला ना, तर मी त्याले एकच विचारीन, का बापू, तुमच्याकडचे पोट्टे देवमानसं आहेत काय?"

मी थोडा वेळ काहीच बोललो नाही. मग म्हणालो, "नाहीत."

"काय?"

"आमची पण खातात. बारा पेट्या खाल्ल्या. चुलीत भाजून."

पलीकडून आधी काहीच आवाज आला नाही. मग असं हसू आलं की मला मोबाइल कानापासून लांब धरावा लागला. त्या हसण्यानंतर मूळ कुणाचं हा विषय निघाला नाही. त्यांनी काय केलं ते सांगितलं. पेट्या पुन्हा पुन्हा भरून दमल्यावर एके दिवशी त्यांनी भरायचंच सोडलं आणि मुलांना म्हणाले, यात काही पेट्या चोर आहेत, ओळखा. झालं. दशक सुटा करायच्या आधी प्रत्येक पोरगं पेटी मोजायला लागलं, कानाशी धरून हलवून बघायला लागलं, हातावर तोलायला लागलं. दहा म्हणजे दहाच पाहिजेत, नऊ चालणार नाहीत, हे मी तीन दिवस फळ्यावर सांगत होतो. त्यांच्या वर्गात मुलं त्यावरून भांडत होती.

"आमची पोरगी पन्नास दोन म्हणते," मी सांगून टाकलं. "बावन्न म्हटलं की पंचवीस लिहिते. पाच पेट्या अन् दोन सुटे दाखवले की पन्नास दोन म्हणते आणि बरोबर लिहिते. मी काही बोलत नाही."

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात हीच पद्धत आली तेव्हा केवढा गहजब झाला होता. विधानसभेत कोट्या झाल्या, टीव्हीवर चर्चा झाल्या, आमच्या ग्रुपांवर तर महिनाभर दुसरा विषय नव्हता. मीही दोन विनोद पुढं ढकलले होते. त्या महिन्यात दुसरीला शिकवणाऱ्या एखाद्या बाईला कुणी विचारलं असेल, बाई, तुमची मुलं कुठं अडतात, तर ते माझ्या तरी पाहण्यात आलं नाही.

"आमच्याकडे बी तसंच चालते," ते हळूच म्हणाले. "दार लावून."

चाळीस मिनिटं बोललो. शून्यातून उसनं घ्यायचं झालं की पुडा फोडावा लागतो आणि पुड्याचा कागद फाटल्यावर पोरं पुन्हा बांधायला तयार होत नाहीत. त्यावर त्यांनी रबरबँड लावला होता. पावसाळ्यात चिंचोक्यांना बुरशी धरते. काडेपेटीच्या बाजूला घासून घासून एका पोरानं चिंचोका तापवून शेजारच्याला चटका दिला, हे दोन्ही शाळांत स्वतंत्रपणे शोधलं गेलं होतं. मला तर वाटतं, एकाच वेळी दोन ठिकाणी लागलेला आमच्या उपक्रमातला खरा शोध तेवढाच.

पाडव्याच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली तिघं परतली. त्यातला एक मुलगा पहिल्याच दिवशी बँकेपुढं उकिडवा बसला. मी समजावून सांगायला लागलो, दशक म्हणजे काय, सुटा करणं म्हणजे काय. त्यानं पेटी उघडली, बंद केली.

"ही मोळीच की," तो म्हणाला. "मोळी सोडली की ऊस सुटं."

मी विचारलं, "मोळीत किती ऊस असतात रे?"

"बापाला उचलतील तेवढं."

बावन्न वजा सत्तावीस त्यानं त्या दिवशी दुसऱ्या प्रयत्नात केलं. एक मोळी सोडून.

त्या रात्री मी ग्रुपवर लिहिलं. साच्याबिच्याशिवाय. "माझ्या अहवालातील पान ९ वरचे शंभर टक्के धरू नयेत. ज्यांना येत नव्हते ती तीन मुले चाचणीला गावात नव्हती. तसेच मुलांनी चिंचोके खाल्ले, ते लिहायचे राहिले. पेट्या वापरण्यापूर्वी मोजून घ्याव्यात."

बाराव्या सेकंदाला उत्तर आलं: "अतिशय स्तुत्य उपक्रम सर."

मग बराच वेळ काहीच नाही. केंद्रप्रमुख साहेबांनी वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या आणि तिथंच थांबल्या. मी मोबाइल उशाशी ठेवून दिवा घालवणार, तेवढ्यात एकेक निरोप यायला लागला. ग्रुपवर नाही, खाजगीत. एका सरांनी लिहिलं होतं की त्यांनी बेरजेसाठी शेंगदाणे वापरले आणि उत्तरं कायम कमीच येत होती. त्यांना आपल्या शिकवण्यात दोष वाटून त्यांनी दोन प्रशिक्षणं केली. दुसऱ्यांनी परिमिती शिकवायला मैदानावर चुन्यानं आयत आखला, तर गावातल्या पोरांनी त्यात कबड्डीची स्पर्धा भरवली आणि उद्घाटनाला यांनाच बोलावलं.

शेवटचा निरोप पलीकडच्या तालुक्यातल्या एका मॅडमचा, साडेदहाला. "सर, मी अपूर्णांक भाकरीवर शिकवले. अर्धा झाला, पाव झाला. पाऊण दाखवायची वेळ आली तेव्हा भाकरीच नव्हती."

मी विचारलं, "सोबत काय होतं?"

उत्तर लगेच आलं. "ठेचा."